प्रल्हादने उंच केलेली जीप

सुनीताचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. सुनीता म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. "दाजी, यांच्या छातीत दुखतंय. दवाखान्यात आणलंय. तुम्ही या," एवढंच ती बोलली. मी वाळूजहून मुकुंदवाडीला पोहोचलो तोवर प्रल्हाद गेलेला होता. माझा साडू, माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याचं नट-बोल्टचं दुकान होतं आणि दुकानाच्या पायरीवरून दवाखान्याची पाटी वाचता यायची. मधला रस्ता सिमेंटचा, सपाट. डॉक्टर म्हणाले, आणायला उशीर झाला नव्हता... हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. कारण दवाखान्यात पोहोचायला उशीर होऊ नये, या एकाच गोष्टीसाठी प्रल्हादने मागची कितीतरी वर्षं घालवली होती. फक्त ती स्वतःसाठी नव्हती, आईसाठी होती.

त्याची आई, भामामावशी, देवगाव रंगारीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला एका वस्तीवर राहते. धनगरांची पाच-सहा घरं, मेंढरं, थोडी बाजरी. डांबरी रस्ता संपल्यावर वस्तीपर्यंतची वाट कशीबशी दोन किलोमीटर असेल, पण मध्ये एक ओढा आडवा येतो आणि त्यात पाण्यापेक्षा दगड जास्त. प्रल्हादचे वडील एका पावसाळ्यात आजारी पडले तेव्हा त्यांना बाजेवर घालून खाली आणावं लागलं. डांबरीवर गाडी उभी होती, पण तिच्यात ठेवायच्या आधीच ते गेले. प्रल्हाद तेव्हा शहरात दुकानावर होता. त्यानंतर त्याने आईला शहरात यायला किती वेळा सांगितलं असेल, पण ती ऐकेना. "मेंढरं काय गच्चीवर बांधू व्हय?" म्हणायची. शेवटी त्याने आईला सांगणं सोडलं आणि एक जुनी, चारही चाकांना जोर मिळणारी जीप घेतली. आई खाली येत नाही ना, मग गाडीच वर गेली पाहिजे, असा त्याचा हिशेब होता.

जीप पहिल्याच फेरीत ओढ्यात बसली. खालून दगड लागला आणि चेंबर फुटलं, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी. सगळं तेल दगडांवर सांडलं. तिथून त्याचा मला फोन आला, "दादा, तुम्ही मापाची माणसं. हिच्या पोटाखाली किती जागा पाहिजे तेवढं सांगा." माझी नोकरी तपासणी विभागातली. आलेला माल मापात आहे की नाही हे बघण्यात माझी हयात गेली, त्यामुळे या कामात मी आपोआपच ओढला गेलो. रविवारी सकाळी जीप माझ्या पडेगावच्या घरासमोर यायची. मी स्टीलची पट्टी घेऊन खाली सरपटायचो आणि जमिनीपासून एकेका भागाची उंची सांगायचो. प्रल्हाद चहाचा कप बोनेटवर ठेवून म्हणायचा, "साडूसाहेब, बाहेर या. वहिनी विचारत्यात, सरकारी मोजणी चाललीय का म्हणून."

पहिला पत्रा आम्ही चुकीचा लावला. जाड असला म्हणजे मजबूत, एवढंच डोक्यात होतं. पडेगावच्याच वेल्डिंगवाल्या रशीदभाईंकडून इंजिनाखाली चांगला जाडजूड पत्रा बसवून घेतला. लावताना रशीदभाई म्हणाले होते, "भाई, इतना लोहा लगाओगे तो पत्थर डरेगा की गाडी बैठेगी?" आम्ही हसलो. गाडी बसलीच. पत्र्याच्या वजनाने पुढचा भाग खाली आला, बोल्टची डोकी बाहेर राहिली होती ती दगडांनी घासून गोल झाली, आणि तेल बदलायला पत्रा काढायची वेळ आली तेव्हा एकही बोल्ट फिरेना. मग दुसरा पत्रा केला. थोडा पातळ, पण पुढची कड वर वळवलेली, म्हणजे दगडावर गाडी आपटणार नाही, घसरून जाईल. बोल्टची डोकी पत्र्यात बुडवली. तेल सोडायला एक भोक ठेवलं. कमानीचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगचे, पाटे बदलून बॉडी वर उचलली. पण पाटे कितीही उंच केले तरी मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा तिथल्या तिथेच राहतो, तो वर जातो फक्त मोठ्या टायरने. हे कळायला एक पावसाळा गेला. त्याच्याही पुढे आणखी उंच करायचा प्रल्हादचा विचार होता, पण मी अडवलं. उतारावर आडवी झाली तर आई आत असेल, म्हटलं. मग त्याने तो विचार सोडला.

एवढं करूनही वस्तीवरून परत येताना गाडी ओढ्यात घासायचीच. जाताना नाही, येताना. मला ते कोडंच होतं. माझी मापं बरोबर होती, पट्टी बरोबर होती. एकदा प्रल्हादच म्हणाला, "दादा, तुमच्या मापात आय धरलेली नाय." भामामावशी कुणालाही रिकाम्या हाताने उतरू देत नसे. लेंडीखताची पोती, बाजरीचं पोतं, कधी पाय बांधलेलं एखादं मेंढरू, आणि मागे वस्तीवरची चार माणसं, त्यांना देवगावला बाजाराला यायचं असे. मी मोजत होतो ती रिकामी गाडी. भरलेली गाडी चार बोटं खाली बसत होती. पुढच्या रविवारी आम्ही दोघांच्या बायका जीपमध्ये बसवल्या, मागे गव्हाची पोती टाकली आणि मी पुन्हा पट्टी घेऊन खाली शिरलो. सुनीता वरून म्हणाली, "दाजी, आमचं वजन करताय का?"

"वजन नाही, उंची."

"आमची?"

"गाडीची. हलू नको."

माझी बायको म्हणाली, "ताईला हलवू नका, ताई हलली तर जीप वाळूजला जाईल." ताई म्हणजे ती स्वतःच, दोघींत जास्त वजनाची. प्रल्हाद इतका हसला की त्याला रस्त्यावर बसावं लागलं... त्या भरलेल्या मापावर आम्ही मागे एकेक पाटा वाढवला. त्यानंतर काम संपलं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

दवाखान्यातून त्याला घरी आणलं तेव्हा सुनीता रडता रडता थांबली आणि म्हणाली, "आत्याबाईंना कोण आणणार?" आत्याबाई म्हणजे तिची सासू, भामामावशी. त्यांच्यात आईने तोंड पाहिल्याशिवाय उचलत नाहीत. वस्तीवर फोन लागत नव्हता. ज्याला त्या वाटेवर गाडी चालवता येत होती तो घरात निजला होता. किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात होती, ती सुनीतानेच काढून माझ्या हातात दिली. मी ती जीप सरळ रस्त्यावर चालवली होती, ओढ्यात कधीच नाही. ओढ्यात काय करायचं ते त्याने कितीदा तरी सांगितलं होतं, डावं चाक मोठ्या दगडावर चढवायचं, दगड मध्ये घ्यायचा नाही. मी तसं केलं. दोनदा बंद पडली, पण वर पोहोचलो.

मावशी दारात उभी होती. चालवणारा दुसरा आहे हे तिने लांबूनच पाहिलं असणार. "पावणं, तुम्ही? पल्हाद कुठंय?"

"त्याला बरं नाही, मावशी. तुम्हाला बोलावलंय."

 तिने शेजारच्या पोराला मेंढरांचं सांगितलं, पदर खोचला आणि येऊन पुढे बसली. मागे पोती नाहीत, माणसं नाहीत. ओढ्यातून उतरताना गाडी एकदाही खाली लागली नाही. पाण्यातून चाकं बाहेर आली तेव्हा ती म्हणाली, "आज वाजली नाय."

"नाही. त्याने नीट करून घेतली ना..."

"व्हय." थोड्या वेळाने, डांबरी लागल्यावर, समोर बघतच तिने विचारलं, "मंग माझं लेकरू हाय का गेलं?"

मी गाडीचा वेग कमी केला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागली. देवगाव, दौलताबाद, पडेगाव, मग प्रल्हादचं घर. ज्या आईला वेळेत खाली आणण्यासाठी एवढं केलं, तिला मी अगदी वेळेत खाली आणलं होतं.

दहाव्यानंतर मावशी शहरात राहीना. सुनीताने पाय धरले, मुलांनी हट्ट केला, पण ती म्हणाली, "हितं माझं काय हाय आता? तिथं निदान मेंढरं हायती." मीच सोडून आलो. जीप आता माझ्या घरासमोर उभी असते. एक गिऱ्हाईक आलं होतं. उंच गाडी आहे, पत्रा मस्त बसवलाय, मित्रांबरोबर डोंगरात फिरायला घेतो म्हणाला. सुनीताने निर्णय माझ्यावर टाकला. मी त्याला नाही सांगितलं खरं, पण हो आणि नाही यात काय फरक आहे ते मला कळत नाही. मावशीला रात्री-अपरात्री काही झालं, ओढ्याला पाणी असलं, तर ती गाडी तिथून मी काढू शकणार नाही. मला ते माहीत आहे. गाडी मापात आहे. चालवणाऱ्याचं काय करायचं, हे माझ्या कुठल्याच पट्टीवर नाही.

मागच्या रविवारी किराणा घेऊन वर गेलो. ओढ्यापाशी मावशी दिसली. हातात पहार, डोक्यावर ऊन, आणि वाटेतले दगड उचकटून ती कडेला लोटत होती. चाकोरीचा जीपच्या लांबीएवढा तुकडा साफ झाला होता. बाकी ओढा तसाच. मी जीपमधून उतरून म्हटलं, "मावशी, हे काय चालवलंय?"

"तुम्हाला पल्हादवानी चालवाय येत नाय," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, हवापाणी सांगावं तसं. "मंग वाटच सरळ करावी म्हनलं."

पहिल्या पुराला ओढा ते सगळे दगड परत आणून टाकणार. तिला हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे, ती तिथे जन्मभर राहिली आहे.  तिने पहार टेकवली, जमिनीवर हात उभा धरला आणि विचारलं, "केवढा दगड गाडीखालून जातो? त्याच्याहून बारकी ऱ्हाऊ देते."

मी तिच्या मनगटाच्या जरा वर बोट ठेवून दाखवलं. तिने तेवढं नीट पाहून घेतलं, आणि हात तसाच उभा धरून ती पुढच्या दगडाला लावून पाहू लागली.