तेरा घरांची वर्दी

डर्क वीसिंक सुन्न झाला आहे, हे वस्तीच्या लक्षात यायला जवळजवळ पाच महिने लागले, आणि त्यात वस्तीचा काही दोष नव्हता. नेदरलँड्सच्या पूर्व टोकाला, आख्टरहुकमधला माणूस सुन्न झालाय की नुसता बसलाय, हे बाहेरून सांगता येत नाही. तिकडे लॉटरी लागलेला माणूस म्हणतो, "वाईट नाही," आणि गोठा जळालेला माणूस म्हणतो, "बरं होऊ शकलं असतं." या दोन वाक्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ती माणसं जन्म काढतात आणि वर त्यांना मुलंबाळंही होतात.

त्यातही डर्क कमी बोलणारा. सदतीस वर्षं त्याने सायकलवरून टपाल वाटलं. रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला तो नावाने ओळखायचा आणि कुत्र्याच्या मालकाला घरनंबराने. "अठ्ठावीस नंबर आजारी आहे," असं तो जेवताना सांगायचा, आणि मग डिनी, त्याची बायको, अठ्ठावीस नंबरला सूप घेऊन जायची. बोलायचं खातं पूर्णपणे डिनीकडे होतं. दोघांची एक जोडसायकल होती. पुढच्या सीटवर डर्क, मागच्या सीटवर डिनी. डर्कने हँडल सांभाळायचं आणि डिनीने बाकीचं जग. पेडल ती मारायची की नाही याबद्दल गावात मतभेद होते. तोंड मात्र चढावरही थांबत नसे. चाळीस वर्षं ते सगळं डर्कने मानेवर ऐकलं.

जानेवारीत डिनीला न्यूमोनिया झाला आणि नवव्या दिवशी ती गेली.

तिकडे शेजार म्हणजे एक नोकरीच असते, बिनपगारी आणि बिननिवृत्तीची. प्रत्येक घराचा एक पहिला शेजारी ठरलेला. घरात कोणी गेलं की घरच्यांनी खुर्चीत बसायचं आणि बाकी सगळं पहिल्या शेजाऱ्याने बघायचं. प्रेताला आंघोळ घालणं, पत्रं लिहिणं, खांदेकरी ठरवणं, आणि सगळ्यांत आधी वस्तीतल्या तेरा घरांच्या मागच्या दाराशी जाऊन वर्दी देणं. वीसिंकांचे पहिले शेजारी ते ब्राके, आणि ते ब्राकेंचे वीसिंक. तेव्हा डिनीची वर्दी म्हाताऱ्या बेरेंड ते ब्राकेचा मुलगा विम याने दिली. डर्क पाच दिवस आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखा बसला. शेजारणींना त्याचे चमचे त्याच्याआधी सापडत होते. त्याने काही करायला हात पुढे केला की कोणीतरी त्या हातात कॉफी द्यायचं.

पाचव्या दिवशी सगळे आपापल्या घरी गेले आणि डर्क तसाच बसून राहिला.

हे पहिल्यांदा ओळखलं ते त्याच्या मुलीने, हानेकाने. ती दूर शहरात, आल्मेरेला राहते, शाळेत उपमुख्याध्यापिका आहे, आणि समोरच्याने प्रश्न नीट ऐकलाय का, हे तपासायची तिला सवय आहे. एप्रिलमध्ये एकदा फोनवर बाबांच्या सहाव्या "बरं" नंतर तिला शंका आली.

"बाबा, मी यूरिअनला सोडून सर्कशीत जातेय," ती म्हणाली.

"बरं," डर्क म्हणाला.

"वाघांच्या पिंजऱ्यात काम मिळालंय."

"बरं. जपून."

पुढच्या शनिवारी हानेका एक कागद घेऊन हजर झाली. तिच्या घरापासून दहा मिनिटांवर ज्येष्ठ नागरिकांची इमारत होती. तळमजल्यावर एक घर रिकामं झालं होतं, जमीन आतून गरम होणारी, खिडकीसमोर तळं, तळ्यात बदकं. येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारनंतरच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सही हवी होती. डर्कने कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "बरं." पेनसुद्धा उचललं. हानेकाने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"आत्ता नाही. विचार करून सांगा."

"बरं."

हा होकार होता की नुसता श्वास, हे तिला कळेना. म्हणून गुरुवारी सगळे मिळून दव तुडवायला जायचंच, असं तिने ठरवलं. तिथे बाबांच्या तोंडून एक तरी खरं उत्तर निघेल अशी तिला आशा होती.

स्वर्गारोहणाच्या दिवशी सूर्य उगवताना सायकली काढून शेतावर जायचं आणि अनवाणी गवतातून चालायचं, ही तिकडची रीत. का, ते कोणाला विचारू नये. पाद्री म्हणतो, हे जुन्या देवांचं आहे. डॉक्टर म्हणतो, हे सर्दीचं आहे. डिनी म्हणायची, "पायांना बरं असतं," आणि विषय संपायचा.

साडेपाचला अंगणात यूरिअन उगवला. जावई आल्मेरेचा. त्याने काळी चकचकीत चड्डी, पिवळा सदरा आणि शिरस्त्राण चढवलं होतं, जणू समोर आल्प्स उभे होते. आख्टरहुकमध्ये सगळ्यांत मोठा चढ हा कालव्यावरचा पूल.

"कसा दिसतोय, बाबा?" हानेकाने विचारलं.

"लांबून दिसेल," डर्क म्हणाला.

जोडसायकलची मागची सीट रिकामी राहू नये म्हणून अकरा वर्षांच्या फेनाला तिच्यावर बसवलं होतं. नातीचे पाय पेडलपर्यंत जेमतेम पोचत होते. तिने दोन मिनिटं गप्पा मारून पाहिल्या, मग आजोबांच्या पाठीवर बोटाने नदी काढत बसली. डर्कने हँडल धरलं होतं, रस्ता ठाऊक होता, पाय चालत होते. बाकी त्याला काही विशेष नव्हतं.

ओढ्याकाठच्या कुरणात सगळ्यांनी बूट-मोजे काढले. गवत पांढरं पडलं होतं इतकं दव होतं. यूरिअनने पहिलं पाऊल टाकलं आणि असा शब्द उच्चारला, की हानेकाने फेनाचे कान झाकले. पलीकडच्या कुंपणापर्यंत जाऊन यायचं, मग बेदाण्यांचा पाव, लोणी, उकडलेली अंडी. डर्क सगळ्यांच्या पुढे सरळ चालत गेला, टपाल द्यायला गेल्यासारखा.

"आजोबा, गार नाही लागत?" फेना मागून ओरडली.

डर्कने खाली पाहिलं. पावलं लालबुंद झाली होती.

"लागत असेल," तो म्हणाला.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

"डर्क? विम बोलतोय. वडील गेले. पहाटे, झोपेत."

"बरं," डर्क म्हणाला. मग जरा थांबून, "येतो."

तो कुंपणापाशी न जाता मधूनच वळला आणि बुटांकडे चालू लागला.

"काय झालं, बाबा?"

"बेरेंड गेला."

"अरे देवा. पण तुम्ही कुठे निघालात? विमला सांगा ना, दुसऱ्या कोणाला तरी पाठव म्हणावं. तुमचं स्वतःचंच अजून..."

"त्यांचा पहिला शेजारी कोण?"

"तुम्ही."

"मग?"

आल्मेरेत वीस वर्षं काढली तरी हानेका त्याच वस्तीत वाढली होती. वर्दी द्यायला आजवर दोघं जायचे. डिनी बोलायची, डर्क टोपी काढायचा. तिने फेना, पाव आणि अंडी यूरिअनच्या स्वाधीन केली आणि स्वतः जोडसायकलच्या मागच्या सीटवर बसली. बोलायचं काम आपलं, असं तिने मनाशी ठरवलं.

पहिल्या घराचं मागचं दार गेर्डा लामर्सने उघडलं, वय ब्याऐंशी. टेबलावर तिचा फोन पालथा पडला होता. वस्तीच्या व्हॉट्सअॅप गटावर बातमी सहा वाजताच आली होती, पण वर्दी येईपर्यंत ती माहीत असणं शिष्टाचाराला धरून नव्हतं.

"काकू, वाईट बातमी आहे," हानेकाने सुरुवात केली.

"तू आल्मेरेची," गेर्डा म्हणाली. "डर्क, काय ते तू सांग."

डर्कने टोपी काढली. घसा साफ केला.

"ते ब्राकेंच्या घरून वर्दी आहे. बेरेंड आज पहाटे गेला. पुढचं कळवू." रजिस्टर पत्रावर सही हवी आहे, हे तो याच आवाजात सांगायचा.

"असं का!" गेर्डा म्हणाली, आणि तासाभरापासून तयार असलेलं आश्चर्य तिने चेहऱ्यावर आणलं. "आत या. कॉफी झालीये."

वर्दी घेऊन आलेल्याने कॉफी नाकारायची नसते. पाचव्या घरापर्यंत हानेकाचे पाच कप झाले. सहाव्या घरी तिने आधी संडास कुठे आहे ते विचारलं आणि मग सांत्वन केलं. डर्क प्रत्येक दाराशी तेच शब्द तसेच म्हणत होता. लोक आपापल्या परीने हळहळत होते.

"माझी शिडी त्याच्याकडे आहे," सातव्या घरचा हेंक राउसिंक म्हणाला.

"कधीपासून?" हानेकाने विचारलं.

"चौऱ्याण्णव." त्याने कपात साखर घातली. "गडबड नाही. पुरल्यावर बघू."

नववं घर तोस वेव्हर्सचं. डिनी आणि तोस चर्चच्या गायनमंडळात शेजारी-शेजारी उभ्या राहायच्या आणि दोघींपैकी बेसूर कोण, हा वाद सव्वीस वर्षं चालला होता. तोस मागच्या ओट्यावर बसून रुबार्बचे देठ सोलत होती. त्यांना पाहून ती उठली. डर्कने टोपी काढली.

"ते ब्राकेंच्या घरून वर्दी आहे," तो म्हणाला. "डिनी आज पहाटे गेली. पुढचं कळवू."

कोंबड्या आवाज करत होत्या. डर्कला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. तो कॉफीला बोलावण्याची वाट बघत टोपी धरून उभा होता.

तोसने त्याला टोकलं नाही. तिने ओले हात कंबरेला बांधलेल्या फडक्याला पुसले, पुढे आली आणि वर्दी घेताना करतात तसा त्याचा हात हातात घेतला.

"हो, डर्क. कळलं," ती म्हणाली. "आम्ही येऊ."

तिने हात सोडला नाही. डर्क रुबार्बच्या सालींकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बेरेंड. बेरेंड गेला, असं म्हणायचं होतं."

"तेही कळलं," तोस म्हणाली. "आत या. साखर नाही आहे, संपलीये."

कॉफी तिघांनी बिनसाखरेची प्यायली. मग ते पुन्हा सायकलवर बसले. बराच वेळ मागून काहीच आवाज आला नाही, तेव्हा मुलगी पडली की काय म्हणून डर्कने मान वळवली.

"बसलेय," हानेका म्हणाली.

"मी ते कुणाला सांगितलंच नव्हतं," डर्क म्हणाला. "सगळं विमने सांगितलं. तेराही घरी."

"मीसुद्धा नाही. माझ्या शाळेला यूरिअनने कळवलं."

डर्कने मान हलवली. आत काहीतरी फुटेल, डोळ्यांतून पाणी येईल, अशी हानेका मागे बसून वाट बघत होती. तसं काही झालं नाही. चेन नीट चालली होती. डर्कला फक्त पायांत ओले मोजे जाणवले. सकाळी घाईत त्याने पाय न पुसताच ते चढवले होते आणि आता ते चांगलेच गार लागत होते.

"बाबा," हानेका म्हणाली, "तो उद्याचा कागद."

डर्कने दोन शेतं ओलांडली.

"तिकडे पहिला शेजारी कोण?" त्याने विचारलं.

"तिकडे तसं नसतं. खाली कार्यालय आहे. एक बाई बसते, खूप चांगली आहे. दाराशी बटण असतं, ते दाबलं की येते."

"कधीही?"

"नऊ ते पाच."

"आणि पाचनंतर मेलं तर?"

हानेकाला हसू आलं. आईच्या जागेवर बसून हसणं तिला विचित्र वाटलं, आणि ते आवरेना.

"मला नाही जायचं," डर्क म्हणाला.

ती हसायची थांबली. "नक्की, बाबा? आज दगदग झालीये म्हणून म्हणत नाही ना? तिकडे मी दहा मिनिटांवर आहे. इथे तुम्ही दिवसचे दिवस कोणाशी बोलत नाही."

"तिथे तरी कुठे बोलणार आहे? बदकांशी?" डर्कने गिअर बदलला. "मंगळवारी बेरेंडला उचलायचं. पुढे डावीकडे मी असतो, माझी उंची तिथली आहे. मग पत्रं आहेत. मग बेरेंडची बायको मीन आहे, तिला चष्म्याशिवाय औषधं ओळखू येत नाहीत, आणि विमला सत्तर गाई. संध्याकाळी कुणीतरी तिच्याकडे जाऊन बसायला पाहिजे."

"बसून काय करणार? तुम्ही तर बोलत नाही."

"तिला कुठे ऐकू येतं!"

हानेकाने त्याच्या पाठीकडे पाहिलं. जुन्या टपालखात्याचं जाकीट, एका खांद्यावर उसवलेलं. पाठ काही सांगत नव्हती. पण तिने प्रश्न विचारला होता आणि त्याला उत्तर मिळालं होतं. उपमुख्याध्यापिकेला यापेक्षा जास्त मागता येत नाही.

"उद्या सकाळी मीच फोन करते त्यांना," ती म्हणाली. "घर दुसऱ्याला द्या म्हणून."

"सकाळी नको, आत्ताच कर. कोणीतरी खोळंबलं असेल."

"आज सुट्टी आहे, बाबा. ती बाई नाही."

"बघ," डर्क म्हणाला.

मग तिने यूरिअनला फोन लावला. तो आणि फेना अजून कुरणातच होते. चार अंडी राहिली आहेत, यूरिअन म्हणाला, आणि त्याच्या चड्डीवर एक गाय संशय घेऊन उभी आहे. खाऊन टाका, हानेका म्हणाली, आम्हाला दुपार होईल. अजून चार घरं आहेत.

दहावं घर वळणावर होतं. फाटक उघडं होतं, आणि कॉफीचा वास रस्त्यापर्यंत आला होता. मागच्या दाराशी नवरा-बायको दोघंही, काहीच माहीत नसल्याचा चेहरा करून, उभी होती. डर्कने सायकल भिंतीला टेकवली, हानेका उतरेपर्यंत थांबला आणि टोपी काढली.