रेश्मावयनीचं नाव

रुद्रेश हवालदार पेडण्याकडच्या पार्से गावचा, पण आमोण्याजवळच्या त्या वाडीवर लोक त्याला घरचाच मानू लागले होते. दोडामार्गाकडून खाणीच्या कामाला आलेली माणसं तिथे भाड्याने राहायची. खाकी दिसली की दारं लोटून घ्यायची. रुद्रेश जीप लांब उभी करून चालत यायचा, ओसरीवर बसून चहा प्यायचा. "काय झाला तर माका सांगा. तुमचा नाव खंय येवचा नाय," हे तो सगळ्यांना सांगायचा.

त्या शब्दावर विसंबून रेश्मा त्याच्याकडे आली. तिचा नवरा भिकाजी हा ट्रकमालक नारायणकडे कामाला होता, राहायची खोलीही नारायणचीच. नारायणचा एक ड्रायव्हर सकाळीच पिऊन वाडीतून ट्रक पळवायचा. नळावरची म्हातारी थोडक्यात वाचली होती. हे तिने रुद्रेशच्या कानावर घातलं. रुद्रेशने दुसऱ्याच दिवशी त्याला रस्त्यात अडवला. लायसन्स गेलं.

इथवर बरं झालं. पण नारायण रुद्रेशचा कबड्डीतला जुना सोबती. चहाच्या गाड्यावर भाजी-पाव खाताना त्याने हसत विचारलं, "आमच्या वाडयेर तुजे कान कोण रे?"

बढाईच्या भरात रुद्रेश बोलून गेला, "अरे, तुज्याच भिकाजीची बायल! आता लोक माझ्यार विश्वास ठेवतत."

बोलला मात्र, आणि हातातला पाव त्याने खाली ठेवला. "ह्या तुज्याकडेच ऱ्हवांदे," तो घाईने म्हणाला. नारायण तोवर उठला होता.

भिकाजीचं काम सुटलं. मागोमाग खोली रिकामी करायचा निरोप आला. त्याच रविवारी वाडीवर पोलीस आणि रहिवाशांची बैठक होती. मांडव घातला, खुर्च्या लावल्या. उपनिरीक्षक गौरवी मॅडम वाट बघत बसल्या. एक माणूस फिरकला नाही. शेवटी खुर्च्या उचलता उचलता रुद्रेशचे हात थांबले.

"मॅडम, ह्या माझ्यामुळे झाला," म्हणत त्याने सगळं सांगून टाकलं.

मॅडम खुर्चीवरून उठल्या. "माका सांगून काय उपयोग? तिका सांग. मग जबाब लिहून दी."

रेश्मा भांडी पोत्यात भरत होती. "वयनी, तुमचा नाव मीच घेतलंय," तो दारातूनच म्हणाला.

"म्हायती आसा." तिने मान वर केली नाही. "तुमका सोडून मी कोणाकच सांगूक नव्हतंय."

ती ओरडली असती तर त्याला सोसलं असतं. काही सुचेना म्हणून त्याने दारातली बादली उचलली. भिकाजीने ती त्याच्या हातातून हळूच काढून घेतली. "ऱ्हवांदे, साहेब." परवापर्यंत तो भाऊ म्हणायचा.

रुद्रेशने जबाब दिला, स्वतःची चूक धरून. त्याच्या नावावर शेरा बसला. नारायणला ठाण्यात बोलावून समज दिली गेली, खोली परत द्यायला तो कबूलही झाला. पण तोवर रेश्माचं बिऱ्हाड वाळपईला नातेवाइकांकडे गेलं होतं.

वाडी मॅडमनी त्याच्याकडेच ठेवली. तो गेला की नळावरचं बोलणं बंद पडायचं. चहाला कोणी बोलवत नसे. तरी तो जात राहिला, मान खाली घालून.

पावसाळा सरल्यावर रेश्माच्या शेजारी राहणारी सायली त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. काहीतरी घडलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

"मॅडमचो नंबर व्हयो," ती म्हणाली. "तुमका सांगूचा नाय."

रुद्रेशचे कान तापले. त्याने नंबर सांगितला, तिला नीट लिहून घेऊ दिला. काय झालं ते त्याने विचारलं नाही.