डाव्या डोळ्याची आखणी

माझ्या मुलाच्या पुतळ्याचे डोळे मी चुकवले. ते माझ्या लक्षात आले नाही. पत्नीच्या आले.

मुलगा सैन्यात होता. सीमेवर मारला गेला. त्याच्या तुकडीतले दोन जवान दुपारी घरी आले आणि उभ्यानेच बोलले. पत्नीने त्यांना बसायला सांगितले, पाणी दिले. त्या दिवसाविषयी याहून अधिक मी लिहिणार नाही.

वर्ष भरत आले तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीतील मंडळाने ठरवले, की चौकात त्याचा अर्धपुतळा बसवायचा आणि खाली संगमरवरावर चार ओळी कोरायच्या. पुतळ्याचे काम परळच्या एका गणपतीच्या कारखान्याकडे गेले. त्या कारखान्यात मी चाळीस वर्षे आखणी केली आहे. दिवसा शाळेत चित्रकला शिकवायची आणि गणपती जवळ आले की संध्याकाळी मूर्तींचे डोळे रेखायला बसायचे, असा माझा क्रम होता. आमच्याकडे डोळ्याची जागा गुळगुळीत सोडतात. पापणी, बुबुळ, कडा, सारे ब्रशचे काम. ते सर्वांत शेवटी आणि एकाच हाताने होते. ते चालू असताना कारखान्यात रेडिओ बंद असतो.

पुतळा फायबरचा झाला. चेहरा, गणवेश, छातीवरची पदके रंगवून झाली. कारखान्याचे मालक म्हणाले, "मास्तर, डोळे दुसऱ्या कुणाला देणार नाही. जमेल ना?"

"जमेल," मी म्हणालो.

समोर त्याचा गणवेशातला फोटो टाचला होता. त्याकडे मी फार पाहिले नाही. नाकाच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंचे अंतर दोऱ्याने मोजले आणि एका बैठकीत डोळे पुरे केले. हात हलला नाही. याचा मला अभिमान वाटला, हे कबूल करतो. एका कारागिराने पुतळ्यापुढे हात जोडले. तेव्हाच मला कळायला हवे होते.

अनावरणाला तीन दिवस राहिले असता पत्नीला पुतळा दाखवायला नेले. ती मूळची मालवणकडची. मुंबईत तिचे उभे आयुष्य गेले, पण मनातले बोलताना ती अजून मालवणीच बोलते. पुतळ्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली.

"देव बरो केलात," ती म्हणाली. "माझो झील खंय आसा?"

मालक गडबडले. "काकी, अगदी तोच आहे. फोटो बघा."

"फोटो कित्याक बघू? माका म्हायत नाय तो कसो दिसता?" ती माझ्याकडे वळली. "अहो, त्येचे डोळे सारखे होते कधी?"

नव्हते. तो नऊ वर्षांचा असताना विटी लागून त्याची डावी पापणी फाटली होती. टाके पडले. जखम भरली, तरी ती पापणी उजवीपेक्षा किंचित खाली राहिली. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत त्याला त्याच पापणीची धास्ती होती. नजर पुरी आहे म्हणून डॉक्टरांनी त्याला घेतले. घरी येऊन आईला म्हणाला होता, "आई, आता एक डोळा मिटून नेम धरायची गरज नाही, अर्धा मिटलेलाच आहे." ती हसली होती. मीही तिथेच होतो.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही मी दोन सारखे डोळे रेखले. हात सवयीने गणपतीच्या डोळ्यांकडे गेला: लांब, शांत, दोन्ही बाजूंनी तंतोतंत. मी फोटो नीट पाहिला असता तरी उपयोग नव्हता. पदक मिळाल्यावर तो फोटो आम्हीच स्टुडिओत मोठा करून घेतला होता आणि स्टुडिओवाल्याने आपण होऊन पापणी सरळ करून दिली होती. आम्ही त्याचे आभारही मानले होते.

"पुसतो," मी म्हणालो.

मालक मला बाजूला घेऊन गेले. "मास्तर, हात लावू नका. देखणे झाले आहे. व्यंग दाखवायचे का? आपण कधी मूर्तीत व्यंग ठेवले आहे?"

"ही मूर्ती नाही."

मालकांनी स्वतः जाऊन रेडिओ बंद केला.

डावा डोळा मी पुसला. ब्रश भिजवला. आणि मला कळले, की ती पापणी किती खाली होती हे मला आठवत नाही. हजारो डोळे रेखलेल्या माणसाला आपल्या मुलाचा एक डोळा आठवत नव्हता. कारणही मला माहीत होते. विटी लागली त्या दिवशी गणपतीला पाच दिवस राहिले होते. चाळीतून निरोप आला. मी विचारले, "डोळा वाचला ना?" वाचला होता. मी पुन्हा ब्रश उचलला. इस्पितळात त्याला पत्नीने एकटीने नेले, टाके घालताना तिनेच त्याचे डोके धरले. पट्टी सुटली तेव्हाही मी कारखान्यात होतो. पुढे त्या डोळ्याकडे मी कधी चित्रकाराच्या नजरेने पाहिले नाही. पाहायचे टाळले, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

"मला आठवत नाही," मी पत्नीला सांगितले.

एक स्टूल ओढून ती माझ्या शेजारी बसली.

मी रेघ मारली.

"खाली," ती म्हणाली.

पुसून पुन्हा मारली.

"आणि थोडी. तितकी नको, झोपलेलो दिसता. नाकाकडे वर, भायर खाली."

असे किती वेळ चालले ते सांगता येणार नाही. कारागीर आपापली कामे सोडून उभे होते. शेवटी ती म्हणाली, "थांबा आता."

मी थांबलो. ती पुतळ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहत होतो. तिने पदर तोंडाला लावला, तेव्हा बरोबर झाले हे मला कळले.

ओळींचा प्रश्न राहिला होता. त्या माझ्या एका जुन्या मित्राने लिहिल्या होत्या. तो फणसवाडीत राहतो, जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासली, कविता करतो. त्याच्या ओळींत सिंह होता, ज्वाला होती आणि "नेत्री अंगार" होता. मी त्या मंजूर केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कारखान्यात बोलावून पुतळा दाखवला. तो चष्मा पुसून जवळ गेला.

"अरे, हा तर तोच," तो म्हणाला. "माझ्याकडे लिमलेटच्या गोळ्या मागायचा तो." मग खिशातला कागद काढून त्याने घडी मोडली, वाचला आणि पुन्हा घडी घातली. "तू आयुष्यभर देव रंगवलेस. मी आयुष्यभर सत्काराच्या कविता केल्या. माणूस समोर आल्यावर दोघांचीही दांडी उडाली."

"दगड उद्या कोरायचा आहे," मी म्हणालो.

"घाई करू नकोस. बसू दे."

कारखान्यातल्याच एका पिंपावर कागद ठेवून त्याने लिहिले:

एका डोळ्यावर सावली जराशी,
तेवढी ओळख आईच्या पाशी.
बाकीचा सारा देशाचा आहे,
पापणी तेवढी घराची राहे.

मंडळाच्या चिटणीसांना ओळी पसंत पडल्या नाहीत. "काका, यात वीरश्री कुठे आहे? लोक पुतळ्याला सलाम करायला येणार," ते म्हणाले. मी त्यांना पत्नीकडे पाठवले. ती काय बोलली ते मला माहीत नाही. ते परत आले आणि कागद घेऊन दगड कोरणाऱ्याकडे गेले.

अनावरण झाले. भाषणे झाली. मी बोललो नाही.

पुतळा चौकात आहे. नवीन माणसे थबकतात, कुणी म्हणते, डावा डोळा रंगवताना चुकला वाटते. चाळीतली मुलेच त्यांना खालच्या ओळी वाचायला लावतात. पत्नी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुतळ्याचा चेहरा पुसते, कपाळापासून हनुवटीपर्यंत, शाळेत पाठवण्याआधी पुसायची तसा. त्यामुळे पापणीची रेघ विटते. वर्षातून एकदा मला ती पुन्हा रेखावी लागते. गणपतींच्या आखणीला मी आता जात नाही. हे एवढेच काम ठेवले आहे.

त्या दिवशी ती घरातून स्टूल आणते आणि शेजारी बसते. रेघ कुठे यायची ते आता मला ठाऊक आहे.

तरी मी ब्रश टेकवण्याआधी तिला विचारतो.