श्रीमंतांच्या गावी गेलेली गोधडी

माझ्या सासूबाईंना मुंबईत राहून स्वेटर विणायची हौस होती. ठाकूरद्वारला वर्षातले जेमतेम आठ-दहा दिवस अंगावर काही घ्यावंसं वाटतं, पण आमच्या घरी बारा महिने लोकरीचे गुंडे लोळत असायचे. पुण्या-नाशकाच्या नातवंडांना, माझ्या माहेरच्यांना, एकदा तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही त्यांनी स्वेटर विणून दिला होता. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि गिरगावातल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. आठवड्याभरात माझ्याही हातात सुया आल्या. नको म्हणायची सोयच नव्हती. त्या समोर बसून इतक्या मायेने टाके मोजायला लावायच्या की उठवत नसे.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आमचं घराणं मुंबईतलं जुनं. त्यांच्या आजोबांच्या माहीमला नारळीच्या वाड्या होत्या म्हणे. माझ्या वेळेपर्यंत वाड्या गेल्या होत्या, रुबाब तेवढा राहिला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने मामंजींना पुन्हा तरुण केलं होतं. इस्त्रीचा कोट चढवून सभेला जायचे आणि घसा बसवून घरी यायचे. मग सासूबाई न बोलता हळद घातलेलं दूध पुढे ठेवायच्या.

त्या हिवाळ्यात युरोपातल्या एका देशात ऐन थंडीत नदीने बांध फोडले. पेपरात फोटो आला होता. छपरावर बसलेली माणसं, आणि एका होडीत भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन बसलेली एक म्हातारी. सासूबाईंनी तो पेपर रद्दीत जाऊ दिला नाही. दोन दिवसांनी आमच्या शाळेत सूचना आली की त्या देशातल्या पूरग्रस्तांसाठी फोर्टातल्या एका कचेरीत नवे लोकरीचे कपडे गोळा होताहेत. जेवताना मी सहज बोलून गेले आणि सासूबाईंचा घास हातातच थांबला.

"किती दिवस घेणार आहेत?" त्यांनी विचारलं.

मामंजी हसले. "त्या देशाला तू स्वेटर पाठवणार? अगं, त्यांच्या गायीसुद्धा आपल्यापेक्षा चांगलं खातात. आगबोटी त्यांच्या, कारखाने त्यांचे. तू ज्या लोकरीने विणतेस तीही तिकडूनच येते!"

"मग माघारी जाईल."

"आणि आपल्या कोकणात दर पावसाळ्यात घरं वाहून जातात, तेव्हा तिकडून एक पायमोजा तरी आला का?"

"नसेल आला."

"मग?"

"श्रीमंत आहेत हो, कोण नाही म्हणतंय? पण कपाटच वाहून गेलंय ना त्यांचं. श्रीमंती त्यातच होती."

"त्यांचं सरकार बघेल."

"सरकार पोचेपर्यंत त्या घड्याळवालीने काय पांघरायचं?"

खरं सांगायचं तर माझं मत मामंजींच्या बाजूचं होतं. माझ्या वर्गात काही मुली वर्षभर एकाच फ्रॉकवर यायच्या. जो देश चार महिन्यांत पुन्हा उभा राहणार, त्याच्यासाठी आपण कशाला बोटं झिजवायची, असं मला वाटायचं. पण ते बोलण्याचं धैर्य नव्हतं. मी निमूटपणे बाह्या विणत राहिले. बघता बघता वाडीतल्या पाच-सहा बायका दुपारी आमच्या गॅलरीत जमायला लागल्या. मामंजी त्यांच्यामधून वाट काढत बाहेर पडायचे तेव्हा मोठ्याने म्हणायचे, "चालू द्या! गरिबांनी सावकाराला जेवण घालायचा कार्यक्रम चालू द्या!" बायका हसायच्या. सासूबाई मान वर करायच्या नाहीत.

अशातच संयुक्त महाराष्ट्रावरून शहर पेटलं. मामंजी त्या दिवशी सकाळी लालबागला एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला गेले होते. दुपारपर्यंत ट्राम बंद झाल्या, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर अशा बातम्या जिन्यावरून वर यायला लागल्या. मग गोळीबाराची बातमी आली आणि पाठोपाठ संचारबंदी. मामंजी आले नाहीत. आमच्याकडे फोन नव्हता. माझे यजमान नाक्यापर्यंत जाऊन पोलिसांनी पिटाळल्यावर परत आले. सासूबाई गॅलरीत बसून विणत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तशाच. त्या दोन दिवसांत विणलेला स्वेटर मी नंतर पाहिला, त्याची एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब झाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी संचारबंदी थोडा वेळ उठली आणि मामंजी जिना चढून आले. कपाळाला फडक्याची पट्टी, कोटाची एक बाही फाटलेली, आणि सोबत त्यांना धरून चाललेला एक चाळिशीचा माणूस. तो गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणारा कामगार होता. चिंचपोकळीच्या पुलाजवळ मामंजींना दगड लागून ते पडले, तेव्हा यानेच त्यांना ओढून परळच्या आपल्या चाळीतल्या खोलीत नेलं होतं. सासूबाईंनी त्याला बसायला सांगितलं. तो दारातच उभा राहिला, पाणी प्यायला आणि "परत बंद व्हायच्या आत पोचतो, आई" म्हणून निघूनही गेला.

मामंजी दिवसभर पडून होते. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "दोन दिवस जेवलात काय?"

"भाकरी आणि सुकट." मग म्हणाले, "खोली आपल्या देवघराच्या खोलीएवढी. माणसं सहा. मला खाट दिली आणि स्वतः सगळे खाली झोपले. भिंतीवर कोटातला, चष्म्यातला तो फोटो. घर कुणाचं ते मी ओळखलं." कपाळावरची पट्टी सारखी करत, "जेवायला वाढताना ती बाई घुटमळली. म्हणाली, बाबा, तुम्हाला आमच्या हातचं चालंल का? मी आपलं ताट पुढे ओढलं."

आमच्या घरात जुन्या वळणाचे नियम होते आणि ते मामंजींनीच पाळायला लावलेले होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "सुकट तिखट होती का?"

"होती. पण झकास होती."

पंधरा दिवसांनी शहर निवळल्यावर आम्ही तिघं त्या चाळीत गेलो. सासूबाईंनी त्या घरातल्या धाकटीसाठी एक लाल स्वेटर घेतला होता. जाताना मला कानात म्हणाल्या, "उपकार फेडायला आल्यासारखं वाटायला नको गं." पण दुसरं नेण्यासारखं त्यांच्यापाशी काही नव्हतंच.

त्या घरच्या बाईंनी आम्हाला चहा केला. सासूबाईंनी घोट घेईपर्यंत त्या बाई कपाकडे पाहत होत्या, मग मोकळेपणी बोलू लागल्या. स्वेटर उलटा-सुलटा करून टाके बघितले आणि म्हणाल्या, "हात लई बारीक हाय तुमचा, आई. बाबा सांगत व्हते, तुम्ही गोऱ्या लोकांना पाठवताय म्हणून. पुरातल्या."

मामंजी ओशाळले. म्हणजे त्या दोन दिवसांत त्यांनी घरचं भांडण तिथे सांगितलं होतं तर! "मी यांना विचारलं होतं," ते म्हणाले, "की तुमचं काय मत?"

"मग काय मत पडलं तुमचं?" सासूबाईंनी विचारलं.

त्या बाई ताडकन म्हणाल्या, "आमच्या गावी आमची वस्ती पाण्यात गेली व्हती, माझं लगीन व्हायच्या आधी. गावातल्या वाड्यांतनं कुणी फाटकं धोतर दिलं नाही. मोठी घरं व्हती, पाच हातांवर. आम्ही चार दिस टेकाडावर बसून व्हतो." माझ्या हातातला कप मला जड झाला. मग त्याच म्हणाल्या, "म्हणून म्हणते, पाठवा. पाण्यात बसल्यावर कसं असतं ते मला ठावं हाय. पर तेवढंच नाही."

"मग?"

त्या उठल्या आणि खाटेखालच्या ट्रंकेतून एक गोधडी काढली. जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या, मध्ये हिरव्या खणाचे चौकोन, आणि टाके इतके जवळ की बोट ठेवायला जागा नाही. "ही बी जाऊ द्या तुमच्या स्वेटरासंगं. बाबांनी दोन दिस खाटेवर दुखण्यात पडून बघितलं, मी शिवत व्हते ती हीच. आम्ही जन्मभर घेणारेच, असं सगळ्यांना वाटतं. एकदा तिकडच्या मोठ्या लोकांना बी कळू द्या, परळातनं काय आलंय ते."

सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या घरात पांघरायला..."

"हाय की," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात असं काही होतं की सासूबाईंनी दोन्ही हात पुढे करून गोधडी घेतली.

परतताना मामंजींनी ती गोधडी स्वतः काखेत धरली होती.

फोर्टातल्या कचेरीत दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी स्वेटर घेतले, एक बाही लांब असलेलासुद्धा, पण गोधडी बोटाने बाजूला सारली. जुने कपडे चालत नाहीत, असा नियम आहे म्हणाले. सासूबाईंचा चेहरा उतरला. आणि मग मी एक नवल पाहिलं. जे मामंजी महिनाभर आमची चेष्टा करत होते, ते खुर्ची ओढून त्या गृहस्थांसमोर बसले आणि आपल्या कचेरीच्या ठेवणीतल्या इंग्रजीत बोलायला लागले. पाव तास बोलले. शेवटी मराठीत म्हणाले, "साहेब, कापड जुनं आहे, गोधडी नवी आहे. शिवून महिना झाला नाही. आणि ज्या बाईंनी दिली त्यांच्याकडे दुकानातलं नवं असं काही नाही, म्हणून त्यांनी द्यायचंच नाही का? द्यायला श्रीमंत असावं लागतं, असं नियमात कुठे लिहिलंय ते दाखवा."

गृहस्थ घामाघूम झाले. मागच्या खोलीत जाऊन कुणाला तरी विचारून आले आणि गोधडी पेटीत घातली. बाहेर आल्यावर सासूबाई इतकंच म्हणाल्या, "आज घसा बसला नाही तुमचा." मामंजींनी रस्त्याकडे तोंड केलं, पण मला त्यांचं हसू दिसलं.

चार-पाच महिन्यांनी आमच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. छापील. त्यावर एका पवनचक्कीचं चित्र, खाली इंग्रजीत दोन ओळींचे आभार. ज्यांनी ज्यांनी काही दिलं होतं त्या सगळ्यांना तसंच कार्ड आलं असणार. गोधडीचा त्यात उल्लेख नव्हता, कशाचाच नव्हता. मला उगाच वाईट वाटलं. मामंजींनी मात्र कार्ड कोटाच्या खिशात घातलं आणि रविवारी मला म्हणाले, "चल, परळला जाऊन येऊ."

एव्हाना जाणं-येणं अंगवळणी पडलं होतं. त्या दिवशी सगळं घर हजर होतं. मामंजींनी चष्मा लावला, कार्ड हातात लांब धरलं आणि वाचायला सुरुवात केली. आपली मदत पोचली, असं वाचलं. मग थांबले नाहीत. गोधडी एका म्हाताऱ्या बाईला मिळाली, तिचं घर पुरात गेलं होतं, हिरवे चौकोन तिला फार आवडले, इतके बारीक टाके तिच्या देशात कुणाला येत नाहीत, असं ती म्हणते, हे सगळं ते एका दमात वाचत गेले. मी खाली बघत बसले. वर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं किंवा रडू.

त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कार्ड हातात घेतलं, त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं आणि मामंजींकडे बघून म्हणाल्या, "बाबा, लई बारीक लिवत्यात ही लोकं. एवढ्याश्या जागंत एवढं सगळं बसवलं."

पहिल्यांदा त्यांचे यजमान हसले, मग मुलं, मग मामंजी स्वतः, चष्मा काढून डोळे पुसत. वर्षाच्या शेवटी ते कुटुंब बौद्ध झालं तेव्हा भिंतीवर आणखी एक तसबीर आली, आणि पवनचक्कीचं कार्ड खालच्या फळीवर चहाच्या डब्याला टेकवून ठेवलेलं मी पुढे कितीतरी वर्षं पाहिलं.