लाडवाच्या डब्यातला पेन ड्राइव्ह

भर समुद्रात चाललेलं एक आख्खं जहाज मी कऱ्हाडशेजारच्या मलकापुरात बसून आजारी पाडलं. तेही बेसनाच्या लाडवाच्या डब्यातून. हे मी स्वतःच कबूल करून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट माझ्या पाठीमागं पुष्कळदा सांगितली जाते आणि दर वेळी तिच्यात मी थोडी जास्त येडी निघते. त्यापेक्षा माझं येडेपण माझ्याच मापानं सांगितलेलं बरं.

जहाज माल वाहणारं नव्हतं की माणसं फिरवणारं नव्हतं. समुद्राचा अभ्यास करणारं होतं. तारेला बांधून यंत्रं खोल पाण्यात सोडायची, किती खाली पाणी किती गार आणि किती खारट ते मोजायचं, आणि मोजलेलं सगळं कॉम्प्युटरात भरून ठेवायचं, असं तिथलं काम. माझी थोरली नात त्या जहाजावर नव्यानं लागली होती. तिच्याकडं कॉम्प्युटर. जहाजाचं जमिनीशी बोलणं चालू ठेवायचं आणि बाहेरची पीडा आत येऊ द्यायची नाही. पहिली फेरी नीट पार पडली तर पुढच्या फेरीला नेणार, नाहीतर किनाऱ्यावरच्या हापिसात टेबलाला बसवणार, असं तिला आधीच सांगून ठेवलेलं. पोरीला टेबल नको होतं.

"टेबलं काय कऱ्हाडात न्हाईत व्हय?" ती म्हणायची. "त्यासाठी समुद्रापतूर कशाला जायचं?"

त्या वेळी मी नुकतीच पासष्टी ओलांडलेली, म्हणजे अजून पोरवयातच होते. मोबाइल नवा होता आणि अक्कल जुनीच होती. नात जहाजावर गेली तशी मी तिला रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवायला लागले. एक लाल, एक पिवळं, आणि सणावाराला पाण्याचे थेंब हलणारं. मला काय ठाऊक, जहाजाला इंटरनेट आकाशातल्या उपग्रहावरनं येतं आणि तेही उन्हाळ्यातल्या नळासारखं, करंगळीएवढ्या धारेनं. त्याच धारेवर जहाजाचं काम आणि त्याच धारेवर सगळ्यांच्या घरचे फोटो.

फेरीच्या मधे जहाज बंदरात थांबलं, तेव्हा पोरगी दोन दिवसांसाठी घरी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच माझ्यावर घसरली.

"आज्जी, तुझ्या गुलाबानं आमचा हवामानाचा नकाशा अडवला. वादळ कुठं हाय ते कळायच्या आधी तुझं शुभ सकाळ आलं."

"मग आलं का वादळ?"

"न्हाई."

"बघ. शुभ गेली का न्हाई सकाळ?"

आमचे हे पेपरामागून हसले. हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. हसतात तेही परवानगी घेतल्यासारखं. नातीला हसू आलं नाही. तिनं तिथंच उभ्या उभ्या मला कायदा सांगितला: फुलं बंद, व्हिडिओ बंद, फक्त लिहायचं. आणि जहाजावर बाहेरचा पेन ड्राइव्ह कुणी लावायचा नाही. हा नियम तिनंच तिथं घालून दिलेला. "कप्तानाचा बी न्हाई चालत," ती छाती काढून म्हणाली.

इथं माझी पंचाईत झाली. नात समुद्रावर असताना तिच्या चुलतभावाची हळद झाली होती. डीजे होता, सगळी भावकी नाचली, आणि भावकीच्या मधोमध मी नाचले होते. लोक म्हणतात बरी नाचले. लग्नाचा व्हिडिओ काढणाऱ्यानं माझ्यावरनं कॅमेरा हलवला नव्हता. आता हा नाच नातीनं बघायचा नाही तर कुणी बघायचा? घरी असताना दाखवावा, तर पोरगी दोन दिवस नुसती झोपली आणि जेवली. आणि माझ्या मनात ती जहाजावर एकटी बसून, डोळ्यांत पाणी आणून माझा नाच बघतीय, असं चित्र होतं. ते चित्र मला लय आवडलं होतं.

शिवाय आमच्या घराची एक रीत आहे. फौजेत जाणाऱ्याच्या ट्रंकेत त्याला न सांगता काहीतरी लपवून ठेवायचं. तिकडं लांब गेल्यावर त्यानं ट्रंक उपसावी आणि तळाशी घर सापडावं. माझ्या सासूबाई अंगाऱ्याची पुडी ठेवायच्या. मी नवी नवरी. मला पुडी म्हणजे कंजूसपणा वाटला. मी ह्यांच्या ट्रंकेत घड्या घातलेल्या वर्दीच्या मधे खर्ड्याची काचेची बाटली ठेवली. ओल्या मिरचीचा, तेल सोडून. बाटली पुण्याच्या पुढं कुठंतरी फुटली. हे पहिल्या परेडला उभे राहिले तेव्हा पुढच्या रांगेतला जवान शिंकला, मग मागच्या रांगेतला शिंकला. ह्यांना त्यासाठी पाठीवर वजन घेऊन मैदानाला फेऱ्या माराव्या लागल्या. शहाण्या बाईनं त्यावरून धडा घेतला असता. मी घेतला तो एवढाच, की काचेची वस्तू ठेवायची नाही. पेन ड्राइव्ह काचेचा नसतो.

तेव्हा मी मलकापुरातल्या त्या व्हिडिओवाल्याच्या स्टुडिओत गेले आणि हळदीचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर भरून मागितला. अगदीच अडाणी नव्हते मी. नातीचं ऐकून ऐकून एक शब्द पाठ झाला होता, तो वापरला.

"ह्याच्यात व्हायरस बियरस काय न्हाई न्हवं?"

"आवं आज्जी," तो म्हणाला, "ह्याच कॉम्प्युटरवरनं आख्ख्या तालुक्याची लग्नं गेली. आजपतूर कुणाची तक्रार न्हाई."

माझं समाधान झालं. लग्नाबद्दल तक्रार असली तरी माणूस ती घेऊन व्हिडिओवाल्याकडं कशाला जाईल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मग पेन ड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, स्टीलच्या डब्याच्या तळाशी ठेवला, वर बटर पेपर, वर लाडू. नियमाची आठवण झाली होती. पण नियम बाहेरच्या वस्तूला, घरच्याला कशाला, असं मी मनाशी म्हटलं. ह्यांनी दारातून बघितलं.

"काय लपवतीस?"

"अंगारा."

"बाटलीत न्हाई न्हवं?" एवढंच विचारून हे गेले.

जहाज निघालं आणि रविवारी नातीचा फोन आला. उपग्रहावरच्या फोनची एक खोड असते. इकडून बोललेलं वर जाऊन तिकडं उतरेपर्यंत वेळ लागतो, तोवर आपण दुसरंच बोललेलं असतो, मग दोघांचं बोलणं वाटेत धडकतं. म्हणून ह्यांनी आम्हाला फौजेतल्या वायरलेसची शिस्त लावून दिली होती. आपलं बोलून झालं की "ओव्हर" म्हणायचं आणि गप्प बसायचं. मला दुसरा भाग जड जायचा.

त्या दिवशी नातीनं कशी आहेस, जेवलीस का, काहीच विचारलं नाही.

"आज्जी, डब्यात काय ठेवलं हुतंस? ओव्हर."

"लाडू. ओव्हर."

"लाडवाखाली? ओव्हर."

"बटर पेपर. ओव्हर."

"बटर पेपरखाली? ओव्हर."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे छताकडं बघत होते.

"माझा नाच," मी म्हटलं. "ओव्हर."

झालं होतं ते असं. बंदर सुटल्यावर समुद्र खवळलेला होता आणि पोरीला अन्न बघवत नव्हतं. तिनं डबा उघडलाच नाही. जहाजाच्या जेवणघरात नेऊन सगळ्यांसाठी ठेवून दिला. जहाजावरच्या मुख्य शास्त्रज्ञ बाई, मूळच्या रत्नागिरीकडच्या, त्यांना लाडू फार आवडले. शेवटचा लाडू उचलताना त्यांना पेन ड्राइव्ह दिसला. कुणाचा तरी हरवलेला असेल, आत नावगाव असलं तर परत करू, म्हणून त्यांनी तो जवळच्या कॉम्प्युटरला लावला. जवळचा कॉम्प्युटर नेमका पाण्याची मोजणी भरून घेणारा.

व्हिडिओवाल्याकडच्या तमाम लग्नांची कीड त्या कॉम्प्युटरात शिरली. फोल्डर दिसायचे पण उघडायचे नाहीत. तिथून ती बाकीच्या कॉम्प्युटरांत पसरली आणि आपोआप बाहेर काहीबाही पाठवायला लागली. त्यात ती करंगळीएवढी धार आटून गेली. कुणालाच घरी फोन लागेना. स्वयंपाक्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, तो तर नातीच्या दारातच बसून राहिला. पोरगीनं रोजच्या मोजणीची एक प्रत वेगळी काढून ठेवलेली, म्हणून जुनं सगळं वाचलं. त्या दिवसाचं मात्र गेलं. जहाज मागं वळवून यंत्र पुन्हा पाण्यात सोडावं लागलं. दोन रात्री जागून पोरीनं कीड काढली, तेव्हा कुठं फोन लागायला लागले.

"बाईंनी इचारलं, पेन ड्राइव्ह कुणाचा," नात म्हणाली. "मी सांगितलं, माझा. नियम करणारीनंच नियम मोडला म्हणून सारखं ऐकून घ्यायलीय. टेबल पक्कं झालं बघ माझं. ओव्हर."

"माझं नाव सांगायचं हुतंस की गं."

ओव्हर म्हणायचं मी विसरले. ह्यांनी कोपरानं ढोसलं तेव्हा म्हटलं. मग ती म्हणाली, "आज्जी, जतला तुझ्या म्हायेरी मी रांजणात पेला बुडवला तवा मला चापट कुणी मारली हुती? ओव्हर."

मी मारली होती. माझं माहेर जतकडचं. तिथं पाणी टँकरनं यायचं आणि प्यायचं पाणी वेगळ्या रांजणात असायचं. त्यात कुणी हात घालायचा नाही, पेला बुडवायचा नाही. लांब दांड्याचं ओगराळं असायचं, त्यानंच पाणी काढून पेल्यात ओतायचं. एका पोरानं उष्टा पेला बुडवला की आख्ख्या घराचं पाणी बाटलं. नात पाचेक वर्षांची असताना तिनं खेळून आल्या आल्या पेला बुडवला आणि मी तिला असली चापट दिली की माझी आईसुद्धा मला रागवली. आता त्याच नातीच्या रांजणात मी तालुक्याभरच्या लग्नांचा पेला बुडवला होता. चापट मारायला जवळ कुणी नव्हतं, हे माझं नशीब.

पुढच्या रविवारपर्यंत मला चैन पडलं नाही. पोरगी आज्जीचं नाव सांगणार नाही, हे दिसत होतं. म्हणजे ते मीच सांगायला हवं. पण मुख्य बाईंना फोनवर आणायचं कसं? नात तर आणणार नाही. फोन आल्यावर मी साळसूदपणे म्हटलं, "त्या बाईंना लाडू आवडले म्हणालीस न्हवं? त्यांस्नी कृती सांगते. बोलाव."

"आत्ता? त्या माझ्यावर चिडल्यात. ओव्हर."

"चिडलेल्या माणसाला गोड लागतंच. ओव्हर."

बाई आल्या. आवाज कोकणी, कोरडा. "बोला आजी. लिहून घेते."

"बेसन जाडसर घ्यायचं," मी सुरू केलं. "तूप हात आखडून घालायचं न्हाई. बारीक जाळावर भाजायचं, खमंग वास सुटंपतूर. निवलं की पिठीसाखर, वेलदोडा. लाडू वळायचे. मग डब्याच्या तळाला पेन ड्राइव्ह ठेवायचा, वर बटर पेपर घालायचा आणि नातीला अक्षरानं सांगायचं न्हाई. ओव्हर."

 उत्तर उपग्रहावरनं उतरेपर्यंत मी पदराचं टोक पिळत बसले. ह्यांनी ते चुरगळलेलं टोक माझ्या हातातून हळूच सोडवलं.

"तिला माहीत नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"न्हाई. ती नियमाची लय कडक हाय. मी न्हाई. ओव्हर."

"मी तिला आठवडाभर बोलतेय हो, आजी. आणि तो लावला कुणी, तर मी."

"मग आता मलाच बोला. राहिलेलं बी बोला. ओव्हर."

"तुम्हाला बोलायचं म्हटलं तर जहाजाचा महिन्याचा डेटा संपेल," बाई म्हणाल्या आणि फोन नातीकडं दिला. नात एवढंच म्हणाली, "आज्जी, तू पण ना." ओव्हर म्हणायला ती विसरली.

उरलेल्या फेरीत पोरगीनं जहाजाची घडी बदलून टाकली. पाण्याची मोजणी करणारे कॉम्प्युटर एका बाजूला, घरच्या गप्पा दुसऱ्या बाजूला, आणि मधे वाटच नाही. धारेतला कामाचा वाटा आधी काढून ठेवायचा, उरलेल्यात सगळ्यांच्या पाळ्या. स्वयंपाक्याची पाळी पहिली. आणि जेवणघराच्या दाराशी एक जुना कॉम्प्युटर मांडला, कशालाच न जोडलेला. कुणाचाही पेन ड्राइव्ह आधी तिथं तपासायचा, आणि आतलं हवं तेवढंच काढून द्यायचं. त्याच्यावर तिनं चिठ्ठी चिकटवली: ओगराळं. मुख्य बाईंनी चिठ्ठी वाचली आणि काढायला लावली नाही, एवढं नातीनं मला लिहून कळवलं. पुढच्या फेरीचं मात्र काही कळलं नाही. विचारलं की ती लिहायची, "बाई काय बोलत न्हाईत."

जहाज परतलं. पोरगी घरी आली, पण पिशवी उघडेना. टेबल आलं तर तीच पिशवी घेऊन हापिसात जायचं, म्हणाली. मी नाचाचं नावसुद्धा काढलं नाही. मग एका दुपारी माझ्याच मोबाइलवर अनोळखी नंबर आला. नात जवळच बसलेली. मुख्य बाई होत्या. जमिनीवरून जमिनीवर साधा फोन, तरी मी सवयीनं म्हटलं, "बोला. ओव्हर."

बाई म्हणाल्या, "आजी, नातीला सांगा, टेबल दुसऱ्या कुणाला दिलंय, ती पुढच्या फेरीला आमच्याबरोबर येतेय, लाडू या वेळी दुप्पट द्या, डबा मात्र आजोबांच्या देखत भरा, आणि तो तुमचा नाच आम्ही सगळ्यांनी ओगराळ्यावर दोनदा तपासला, त्यात धोकादायक काही सापडलं नाही, फक्त तिसऱ्या गिरकीला तोल जातोय तेवढं बघा."