टेबलाखालची शेगडी

बिलियर्ड हा श्रीमंतांचा खेळ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या बुऱ्हाणपुरात तो खेळणारे कोण होते सांगू? एक शाळामास्तर, एक कापसाचा दलाल, कचेरीतले दोघे-तिघे कारकून आणि आम्ही दोघे भाऊ. म्हणजे मॅट्रिकला दोनदा आपटलेला दादा आणि त्याच्यामागून लुडबुडणारा मी. साहेब लोक निघून गेले. टेबल काही त्यांना खांद्यावर टाकून नेता आलं नाही, म्हणून क्लबाचं दार आमच्यासारख्यांना उघडलं. वरच्या हिरव्या लोकरी कापडाला, बनातीला, ठिगळं होती, एका खिशाची जाळी सुतळीने शिवलेली होती. पण टेबल काय होतं! अजून आठवलं की हात शिवशिवतात.

मी आपला बरा खेळायचो. दादा खेळायला लागला की दलाल तोंडातली सुपारी चघळायचं विसरायचा. चेंडू त्याचं ऐकायचे, दुसरं काय म्हणू. माझा फटका वाकडा गेला की तो शांतपणे म्हणायचा, आधी चेंडूची माफी माग, मग पुढे खेळ. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

आमच्या वडिलांना, अण्णांना, या खेळाचा तिटकारा होता. ते कचेरीत कारकून. नागपूरचं राज्य मोडून भोपाळचं झालं आणि सगळे कागद हिंदीत यायला लागले. आयुष्यभर मराठी-इंग्रजीत झिजलेला माणूस राजपुऱ्यातल्या आमच्या घरी संध्याकाळी हिंदीचं पुस्तक घेऊन ओठ हलवत बसायला लागला. त्यांना धसका एकच होता. मराठी शाळेतून नापास होऊन बसलेल्या या पोराला नव्या राज्यात विचारणार कोण? जेवायला बसलं की हाच विषय. काठीनं गोट्या ढकलून पोट भरतं का, असं ते आईला विचारायचे, दादाला नाही. दादा मान खाली घालून जेवायचा.

आणि मग नेपानगरचा निरोप आला. तिथे कागदाच्या गिरणीची नवी वस्ती उभी राहिली होती आणि इंजिनियर लोकांसाठी बिलियर्डचं टेबल यायचं होतं. ते सांभाळायला, नवशिक्यांना शिकवायला माणूस हवा होता. तिथले एक वयस्कर इंजिनियर एकदा आमच्या क्लबात येऊन दादाचा खेळ पाहून गेले होते. त्यांनी कळवलं, येत्या रविवारी दुपारच्या गाडीने दोन सोबत्यांना घेऊन येतो. मुलाचा खेळ त्यांनाही पाहू दे, पटला तर जागा त्याचीच.

अण्णा त्या दिवसापासून बदललेच. कचेरीतून आले की दादाला स्वतः म्हणायचे, जा रे, हात साफ करून ये. मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे, हा खेळ नेमका असतो तरी काय? मी सांगायला लागलो की माना डोलवायचे. कळायचं काहीच नाही.

पण श्रावण होता आणि पाऊस उघडायला तयार नव्हता. टेबलावरची बनात ओल धरते. ओल धरली की चेंडू चिखलातून चालल्यासारखा रांगतो, ठरवलेल्या जागी पोचतच नाही. दादाचा सगळा खेळ हलक्या हाताचा, तो या ओलीने पार बसला. शनिवारी तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. जेवला नाही.

माझी बहीण नुकतीच आमच्याकडे बाळंत झाली होती. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, खिडक्या बंद, फटींत चिंध्या, बाळंतिणीला वारा लागायला नको. आमच्याकडे हे घरोघर चालतं. अण्णांना त्यावरूनच सुचलं. रविवारी सकाळी त्यांनी घरातल्या दोन्ही शेगड्या क्लबात नेल्या. टेबल काय बाळंत झालंय का, असं आईने विचारलं तेव्हा ते हसलेसुद्धा. किती दिवसांनी हसले होते ते.

शेगड्या त्यांनी स्वतः फुलवल्या. धूर पुरता जाऊन निखारे लाल झाल्यावरच टेबलाखाली सरकवल्या. खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. आमच्या घरावर कौलं होती, जे काय असेल ते कौलांतून निघून जायचं. क्लबाची ती खोली साहेबाने बांधलेली, पक्क्या छताची, घट्ट काचांची. हा फरक घरात कुणाच्याच डोक्यात आला नाही. दुपारपर्यंत बनात खडखडीत वाळली. दादाने एक चेंडू सोडून पाहिला आणि त्याचं तोंड असं उजळलं की मला त्याचा हेवा वाटला.

तो सरावाला आत राहिला. अण्णांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर राखणीला बसले. कुणी दार उघडायचं नाही, ओल आत जाईल, शिवाय पोराचं लक्ष उडेल. मी टांगा घेऊन स्टेशनावर पाहुण्यांना आणायला गेलो.

आम्ही परतलो तेव्हा अण्णा तिथेच बसलेले. ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "सावकाश. आत खेळतोय तो."

मी कान दिला. आत काहीच वाजत नव्हतं. तसं म्हटलं तर म्हणाले, "मघापासून शांत आहे. विचार करत असेल."

इंजिनियरसाहेबांनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांनी दार ढकललं, आतली ऊब अंगावर आली आणि त्यांनी छत्रीने काचा फोडायला सुरुवात केली. दादा टेबल आणि भिंत यांच्यामध्ये पालथा पडला होता, काठी अंगाखाली. आम्ही त्याला उचलून पावसात आणला. अण्णा येईल त्याला सांगत होते, "पण धूर नव्हता हो. मी निखारे चांगले फुलवले होते, धूर नव्हता."

दादा जगला. लोक म्हणाले, जिवावरचं निभावलं. डोंबल निभावलं. निखाऱ्यांचा तो न दिसणारा वायू त्याच्या डोक्यात शिरून बसला होता. सदऱ्याची बटणं लावता लावता सकाळ सरायची. घास हातात धरून तो तसाच बसायचा, मग आई हात धरून तोंडाशी न्यायची. आईने अण्णांना कधी एका शब्दाने दोष दिला नाही. मला वाटतं, त्याचंच त्यांना जास्त लागलं.

नेपानगरहून पुन्हा निरोप आला, मुलगा सावरला की कळवा, तोवर थांबतो. भला माणूस. पण त्या निरोपाने अण्णांना वेड लावलं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तसे ते दादाला धरून क्लबात घेऊन गेले. मी सोबत होतो. खिडक्या सताड उघड्या होत्या. अण्णांनी स्वतः काठीच्या टोकाला खडू लावला, वेडावाकडा का होईना, आणि काठी त्याच्या हातात दिली.

बिलियर्डला चेंडू तीनच. दोन पांढरे, त्यातल्या एकावर ठिपका, आणि एक लाल. एक पांढरा तुमचा, दुसरा समोरच्याचा. लाल दोघांचा, त्याला काठी लावायचीच नाही. नवशिक्याला पहिल्या दिवशी पहिलं हेच सांगतात. मला ते दादाने सांगितलं होतं.

दादा वाकला. बराच वेळ तो तिन्ही चेंडूंकडे बघत राहिला, मग मान वळवून म्हणाला, "अण्णा, यातला माझा कोणता?"

अण्णांना ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सगळे तुझेच, बाळा. कोणताही मार."

दादाने लाल चेंडूला काठी लावली.