घड्याळाला ओ

ऐंशीच्या दशकात मी नर्स होते. गांधीबागेमागे एकटे राहणाऱ्या एका म्हाताऱ्या विणकरबाबांचं बीपी तपासायला जायचे. ते गोळीची वेळ विसरायचे, म्हणून मी त्यांच्या मनगटावर गजराचं डिजिटल घड्याळ बांधलं. पण ते मेलं दर तासालाही वाजायचं आणि बंद कसं करायचं ते कोणालाच कळेना.

पुढच्या खेपेला माझ्यासमोरच ते वाजलं. बाबा खाटेवरून उठले, "आलो वं" म्हणत माठापर्यंत गेले, पाणी प्यायले. 'वं' आमच्याकडे बाईलाच म्हणतात, आणि त्यांची बायको कधीच वारली होती.

"बाबा, गोळी एकदाच घ्यायची," मी म्हटलं.

"सकाळीच घेतली. पन थे बोलावून राह्यली तं ओ द्याच लागते."

तासाचा आवाज बंद करायचं बटण मला पुढे सापडलं. मी ते दाबलं नाही.